चालू करू नका, माणूस कामावर आहे

आजही मिक्सर लावायचा झाला की मी आधी गिझरचं बटण बंद आहे ना, ते बघून येते. माझ्या पालघरच्या फ्लॅटचं वायरिंग नवं कोरं आहे, मिक्सर आणि गिझर यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, आणि नवऱ्याचं मत असं की तुला कुठल्यातरी डॉक्टरला दाखवायला हवं. दाखवून उपयोग नाही. हा आजार मला सरावलीतल्या आमच्या घरमालकांनी लावला आणि त्यावर औषध निघालेलं नाही.

मी तेव्हा बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कंपनीत, प्रयोगशाळेत कामाला होते. सांगलीकडची मुलगी, इथं ओळखीचं कोणी नाही, म्हणून सरावलीत बाहेरून जिना असलेली एक वरची खोली भाड्यानं बघायला गेले. लग्न ठरलंय का, भेटायला कोण कोण येणार, मटण-मासे शिजवणार का, असं विचारणारे घरमालक तोवर बरेच पाहून झाले होते. हे गृहस्थ खुर्चीत ताठ बसले, चष्मा वर सारला आणि म्हणाले, "मॅडम, तुमची इस्त्री किती वॅटची आहे?"

मला माहीत नव्हतं. "एम.एस्सी. ना तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं आणि खोली दिली. इस्त्रीचे वॅट माहीत नसलेली बाई मोकळी सोडणं त्यांना समाजाच्या दृष्टीनं धोक्याचं वाटलं असावं.

काका मूळचे खानदेशातले. कारखान्यात इलेक्ट्रिकल सुपरवायझर म्हणून आयुष्य गेलं आणि मग निवृत्त झाले. म्हणजे कंपनीनं त्यांना निवृत्त केलं. त्यांनी स्वतःला तसं काही कळवलेलं नव्हतं. सकाळी कोपऱ्यावरून दूध आणायला जाताना ते लोखंडी टोपीचे सेफ्टी बूट घालून जात. शर्टाच्या खिशात पेन असावं तिथं टेस्टर असे. कोणाच्याही घरी गेले की पाण्याच्या ग्लासाआधी त्यांची नजर मीटरच्या बोर्डाकडे जाई, आणि तिथं काही लोंबकळताना दिसलं की त्या घरच्या चहाची चवच जाई. त्यामुळे त्यांना फारसं कोणी बोलवत नसे, आणि लोक आपल्याला का बोलवत नाहीत याचं कारण त्यांच्या मते लोकांचं अर्थिंग खराब असणं हे होतं.

काकू इथल्याच, किनाऱ्यावरच्या मुरबे गावच्या. कोळ्यांच्या घरातल्या, मोठ्या आवाजाच्या, हसल्या की शेजारचं कुत्रं उठून बसायचं. मुरब्याकडच्या बर्फाच्या कारखान्यात पॅनल दुरुस्त करायला गेलेला हा खानदेशी माणूस, मासळीसाठी बर्फ घ्यायला आलेल्या काकूंना म्हणाला होता, "ओल्या पायानं इथं उभ्या राहू नका." काकू सांगायच्या, "मला वाटलं माजी कालजी हाय. मंग कललं, ह्यांना सगल्यांचीच कालजी हाय. पन तवर लगीन झालेलं." हे सांगताना काका समोर बसलेले असत आणि मान हलवून दुजोरा देत.

आता टॅगचं सांगते, कारण त्याशिवाय हे गृहस्थ कळायचे नाहीत. कारखान्यात यंत्र दुरुस्तीला घेतलं की त्याचा वीजपुरवठा बंद करून स्विचला कुलूप लावतात आणि वर लाल टॅग अडकवतात, म्हणजे आत कोणी काम करत असताना बाहेरच्यानं चुकून यंत्र सुरू करू नये. नियम असा की ज्यानं टॅग लावला, त्यानंच तो काढायचा. दुसऱ्या कोणी, अगदी मॅनेजरनं सुद्धा, हात लावायचा नाही. ही पद्धत कारखान्यात शहाणपणाची आहे. काकांनी ती घरी आणली. 'चालू करू नका. माणूस कामावर आहे.' असं छापलेले, प्लास्टिकचं आवरण घातलेले लाल टॅग त्यांच्याकडे चांगला गठ्ठाभर होते, आणि ते मिक्सरला, पंख्याला, पाण्याच्या मोटरला आणि एकदा दारावरच्या बेललाही लागलेले मी पाहिलेत. बेलचं काम पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे येणारी माणसं दारात उभी राहून टॅग वाचत आणि परत जात.

एकदा भर मे महिन्यात ते स्वयंपाकघरातली ट्यूब बदलायला निघाले. मुख्य स्विच बंद, कुलूप, टॅग, सगळं यथासांग. मग लक्षात आलं की होल्डर तडकलाय. नवा आणायला ते बोईसरच्या बाजारात गेले आणि तिथं त्यांना कोणीतरी जुना सहकारी भेटला. घरात पंखे बंद, फ्रीज बंद, काकूंचं कालवणाचं वाटण मिक्सरच्या भांड्यात अर्धवट. मी घामानं निथळत खाली आले आणि म्हटलं, "काकू, दुसरी किल्ली असेल की."

"हाय की," काकू म्हणाल्या. "पन लावनार कोन?"

कुलूप एवढंसं, किल्ली डब्यात, आणि आम्ही दोघी धडधाकट बायका पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो. काका दुपार कलल्यावर होल्डर आणि कलिंगड घेऊन आले. आम्ही कुलपाला हात लावला नाही हे बघून त्यांना जो आनंद झाला, तो माझ्या बापाला माझ्या एम.एस्सी.च्या निकालानंही झाला नव्हता. "व्हेरी गुड," ते म्हणाले. "शिस्त आहे." वाटण आंबलं होतं.

त्या दिवशी मी चिडून काकूंना विचारलं की तुम्ही हे सहन कसं करता. काकूंनी भांडं घासता घासता, नेहमीपेक्षा हलक्या आवाजात सांगितलं. कारखान्यात काकांचा एक जोडीदार होता. दोघं एकाच वेळी लागलेले, एकाच खोलीत राहिलेले, काकूंच्या लग्नात पंगतीत वाढायला तोच होता. एकदा मोठ्या घुसळण्याच्या टाकीत तो दुरुस्तीला उतरला. टॅग त्यानं लावलेला होता, कुलपाची पद्धत तेव्हा नव्हती. पाळी संपत आली होती, काम झालंच असेल असं कोणालातरी वाटलं, आणि त्यानं टॅग काढून बटण दाबलं. काका तेव्हा शेजारच्या शेडमध्ये होते. "मोटर चालू झालेली आयकली ह्यांनी," काकू म्हणाल्या. "तवापास्नं कंची पन मोटर चालू झाली की ह्यांचं तोंड बग बाय." मी नंतर बघितलं. खरं होतं. मला काकांचा राग यायचा तो त्या दिवसानंतरही येतच राहिला, पण तो धड पूर्ण येईनासा झाला.

आता ठोकळ्यांची गोष्ट. काकांचा मुलगा पुण्याला. त्याचा मुलगा सुट्टीत आला तेव्हा एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा मोठा संच घेऊन आला. त्यात छोट्या मोटरी, छोटे दिवे, एक बॅटरीचा डबा. मुलं करतात तेच त्यानं केलं. होत्या तेवढ्या मोटरी आणि दिवे एकावर एक पिना चढवून त्या एकाच डब्याला जोडले. गाडीचं एक चाक पलंगाखाली अडकलं, डबा तापला आणि एक ठोकळा वाकडा झाला. कुठल्याही आजोबानं "असू दे रे" म्हटलं असतं. या आजोबांनी चौकशी बसवली. वाकडा ठोकळा पुरावा म्हणून पिशवीत गेला. नातू सुट्टी संपून पुण्याला गेला. संच आजोबांकडे राहिला, तो कायमचाच.

"मॅडम, लोक मोटरींची संख्या मोजतात," ते मला समजावत. मी कामावर निघालेली असे, जिन्यात उभी. "संख्येला काय अर्थ आहे? मोटर पळताना थोडं खाते. सुरू होताना जास्त खाते. आणि अडली की सगळ्यात जास्त खाते. हिशेब नेहमी अडलेल्या मोटरचा धरायचा." अडलेली मोटर जास्त खाते, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं आणि ते त्याचा वापर मोटरींपुरता ठेवत नसत. काकूंचा धाकटा भाऊ कामधंद्याविना महिनाभर येऊन राहिला होता, तेव्हा त्याच्या ताटाकडे बघत त्यांनी हेच वाक्य म्हटलं होतं. काकू त्यांच्याशी दोन दिवस बोलल्या नव्हत्या.

पण ठोकळ्यांच्या बाबतीत माणूस पक्का होता, हे कबूल करायला हवं. दिव्यांचा पुरवठा वेगळा, मोटरींचा वेगळा, म्हणजे मोटर सुरू होताना दिवे मिणमिणायला नकोत. प्रत्येक मोटरला स्वतःचा बारीक फ्यूज, म्हणजे एक अडली तर तीच गप्प बसेल, बाकीच्यांना त्रास नाही. बॅटरीच्या डब्याऐवजी अॅडॉप्टर घ्यायचा तो गरजेपेक्षा चांगला मोठा, त्याला धापा टाकायला लावायच्या नाहीत. पिनांवर पिना चढवायच्या नाहीत. ठोकळ्यांच्या खालून जाणारी केसासारखी वायर दाबली जात नाही ना, ते बघायचं, आणि काही वेळानं हाताच्या मागच्या बाजूनं चाचपायचं. शंभर दीडशे रुपयांच्या मोटरींना तारापूरच्या अणुवीज केंद्रात नसेल असा बंदोबस्त होता. सगळे स्विच एका लाकडी पेटीत, पेटीला झाकण, झाकणाला कडी, कडीला कुलूप आणि कुलपाला काय, ते आता सांगायला नको.

या सगळ्या बंदोबस्तानंतर काका ती खेळणी चालवत नसत, ही खरी गंमत. म्हणजे एकेक मोटर चालवून बघत, हात लावून बघत, समाधानानं मान हलवत आणि बंद करत. मग दुसरी. सगळं एकदम चालू केलेलं कोणी बघितलं नव्हतं. गणपतीत हॉलमध्ये त्यांची आरास असे. मी आले त्या वर्षी जत्रेतला पाळणा केला होता, माणसाच्या छातीएवढा उंच, रंगीत दिव्यांनी मढवलेला. आळीतली माणसं बघायला आली. काकांनी दिवे लावले, पाळणा स्थिर. लोक म्हणाले, फिरवा की. काकांनी दिवे बंद केले आणि अंधारात पाळणा फिरवला. तो फिरतोय हे आवाजावरून कळत होतं.

"दोन्ही एकदम व्हायला काय हरकत आहे?" मी विचारलं.

"हरकत काहीच नाही," काका म्हणाले. "हिशेबात बसतं. भरपूर जागा आहे."

"मग?"

"मग कशाला?" ते म्हणाले.

पुढच्या वर्षी काकूंनी मागणी केली. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्या म्हणाल्या. मला तरी त्या दिवसातून चारदा मागण्या करताना दिसत, पण असो. त्यांच्या आईला काचबिंदू झाला होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं पुढ्यातलं थोडं दिसे, आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की हेही फार काळ राहणार नाही. आजींचं घर किनाऱ्यापासून आत हललेलं, पाय चालत नाहीत, आणि ज्या बंदरावर त्यांचं आयुष्य गेलं ते तसं उरलेलंही नाही. काकूंना आईला ते बंदर दाखवायचं होतं, त्या लहान असतानाचं. होड्या डुलतायत, बोंबील वाळत घातलेत, बर्फ फोडायचं यंत्र चालतंय, घराघरात दिवे, खाडीपलीकडचा मोठा दिवा उघडझाप करतोय.

"आनि सगलं एकदम," काकूंनी बजावलं. "होड्या हालल्या की दिवं बंद, आसलं नाय चालायचं. आयला तेवढा येल नाय."

काकांनी खिशातला टेस्टर काढला, पुसला आणि परत ठेवला. मग म्हणाले, "यंदा एकदम."

तो पावसाळा मी खालच्या हॉलमध्येच काढला म्हणायला हरकत नाही. काकू पाटावर बसून सांगत, काका बांधत. "होडी निली. वर पिवला पट्टा. बाबाची होती तशी." काका निळे ठोकळे शोधत. "घरं येवढी सरल रांगेत नव्हती वो, तुमच्या कालनीसारकी." काका घरं वाकडी करत, जिवावर येई ते त्यांच्या. बोंबलांच्या जागी काकूंनी पांढऱ्या सुतळीचे तुकडे काठ्यांना बांधले. एकच भांडण झालं ते माणसांवरून. संचातली जी छोटी माणसं होती, त्यांच्या डोक्यावर काकांनी हेल्मेटं बसवली होती. पिवळी हेल्मेटं घातलेले कोळी.

"आवो, होडीवर कोन हेल्मेट घालतं?"

"घालायला पाहिजे," काका म्हणाले, आणि त्या मुद्द्यावर ते हटले नाहीत. मी बघितलं, बंदर मात्र खरंच उतरलं होतं. मी मुरब्याला कधी राहिले नाही, पण काकू त्याच्यासमोर गप्प बसायच्या, आणि काकूंना गप्प बसवणारी गोष्ट त्या घरात दुसरी नव्हती.

गणपती बसले. आजींना काकूंचा भाऊ तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिक्षातून आणणार आणि जेवण करून परत नेणार, असं ठरलं होतं. परक्या घरात अंधारात त्यांना काही दिसत नसे, म्हणून त्या मुक्काम करत नसत. काकांनी आदल्या दिवशी शेवटचं वायरिंग संपवलं, तपासणी उद्यावर ठेवून पेटी बंद केली, कुलूप लावलं, टॅग अडकवला, आणि दोन-तीन दिवस अंगावर काढलेला ताप थंडी वाजून चढला तसे आडवे झाले. ताप बघून मी आणि काकू त्यांना बोईसरला दवाखान्यात घेऊन गेलो. डेंग्यू. डॉक्टर म्हणाले, पेशी उतरल्यात, इथंच राहावं लागेल.

तापातही त्यांनी वॉर्ड तपासला. शेजारच्या पेशंटच्या सलाईनच्या यंत्राचा आणि मोबाइलच्या चार्जरचा प्लग एकाच बोर्डावर आहे हे त्यांना दिसलं आणि त्यांनी वॉर्डबॉयला बोलावून घेतलं. "अंकल, कुछ नहीं होता," तो पोरगा म्हणाला. हे वाक्य काकांना कोणी म्हणायला नको होतं. त्यांनी मला घरून टॅग आणायला सांगितले. मी हो म्हटलं आणि आणले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकू आणि मी डबा घेऊन गेलो. आजी संध्याकाळी यायच्या होत्या. काकूंनी डबा उघडला, पेज वाटीत ओतली, आणि म्हणाल्या, "पेटीची किल्ली द्या."

"मी आल्यावर," काका म्हणाले.

"डाक्तर सोडत नाय तुमाला. आय आज येतेय."

"टॅग माझा आहे. शेवटची तपासणी राहिलीय. मी नसताना कोणी हात लावायचा नाही."

"डब्यातली दुसरी किल्ली घिऊ शकले आसते मी," काकू म्हणाल्या. "कवाच. घेतली नाय."

"म्हणून तर घर सुरक्षित आहे."

"आवो, टॅगवर काय लिवलंय? मानूस कामावर हाय. मानूस तर हितं पलंगावर हाय, पेज पितोय!"

शेजारचा पेशंट हसला. काका हसले नाहीत. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाले, "त्यालाही काम झालंच असेल असं वाटलं होतं."

काकूंनी पेजेची वाटी माझ्या हातात दिली. मला वाटलं आता आपण बाहेर जावं, पण माझ्या हातात वाटी होती. काकू त्यांच्या उशाशी बसल्या आणि अगदी साध्या आवाजात बोलल्या. "मला ठावं हाय. त्यो गेला. तुमी आयुष्यभर बटनं बंद केली, त्यो काय आला नाय. आयचा डोला हाय अजून. फुडल्या साली नसंल. टाकीत कोन नाय आज. मी बगून लावीन. तुमी सांगाल तसं लावीन. फोनवर ऱ्हावा. पन किल्ली तुमी द्या, आपल्या हातानं."

काकांनी छताच्या पंख्याकडे बघितलं. मग त्यांनी चादर सारली. किल्ली कमरेच्या करदोड्याला बांधलेली होती. नर्सनं तो दोनदा काढायला सांगितला होता आणि त्यांनी दोन्ही वेळा नियमावर बोट ठेवून नकार दिला होता. सलाईनच्या हातानं त्यांना गाठ सुटेना. काकूंनी मदत केली नाही, नुसत्या बसून राहिल्या. गाठ सुटली, तेव्हा त्यांनी किल्ली काकूंच्या तळहातावर ठेवली आणि तिच्यावर आपला तापलेला हात तसाच दाबून धरला. एरवी मी त्या माणसाची टर उडवायची, पण त्या वेळी मला बघवेना.

संध्याकाळी आजी आल्या. सुरकुतलेल्या, ताठ कण्याच्या, चेहरा एका बाजूला कलता ठेवून राहिलेल्या डोळ्यानं बघणाऱ्या. आरतीच्या आधी काकूंनी त्यांना बंदरासमोर स्टुलावर बसवलं आणि मी मोबाइल स्पीकरवर ठेवून हातात धरला. पलीकडून वॉर्डातला पंखा ऐकू येत होता.

"आधी खाली बघ. सगळ्या वायरी मोकळ्या आहेत?"

"हायत."

"पाणी नाही ना जवळ? निरांजन दूर ठेव."

काकूंनी कुलूप काढलं. टॅग बाजूला ठेवला. घरांचे दिवे लागले. आजी पुढे झुकल्या.

"थांब," फोन म्हणाला. "हात लाव अॅडॉप्टरला. मागच्या बाजूनं. गरम?"

"थंड हाय."

"आता पहिली होडी."

अशी एकेक होडी डुलायला लागली. प्रत्येकीनंतर थांबणं, हात लावणं, थंड हाय. बर्फाचं यंत्र घरघरलं, तेव्हा फोनमधून "घासतंय, डावीकडचं चाक सैल कर" असा हुकूम आला. त्यांनी ते बोईसरहून ऐकलं होतं. मी चाक सैल केलं. शेवटी खाडीपलीकडचा मोठा दिवा उघडझाप करू लागला, आणि पहिल्यांदाच, त्या घरात, सगळं एकदम चालू होतं.

आजी एवढ्या जवळ गेल्या की त्यांचं नाक घरांना लागेल असं वाटलं. त्यांनी वाकड्या घरांच्या ओळीवरून बोट नेलं. मासळी वाळवायच्या खळ्यात, सुतळीच्या बोंबलांपाशी थांबल्या. "ह्ये आमचं खलं," त्या म्हणाल्या. मग निळ्या होडीपाशी आल्या, पिवळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं, आणि होडीच्या डुलण्याबरोबर त्यांचं बोटही वर खाली होत राहिलं. "तुजा बाप उबा हाय गो," त्या काकूंना म्हणाल्या. "पन त्याच्या डोक्यावर ह्ये काय घातलंय?"

काकू रडत होत्या आणि हसत होत्या.

"झालं?" फोनमधून काका म्हणाले. त्यांचा आवाज घसरलेला होता. "दिसलं त्यांना? आता बंद कर. उलट्या क्रमानं. आधी मोठा दिवा."

काकूंनी पेटीकडे बघितलं. मग झाकण लावलं, कडी घातली, कुलूप लावलं. लाल टॅग उचलला आणि कुलपाला अडकवला.

"कसला आवाज झाला?" काका म्हणाले.

"कुलूप लावलं."

"बंद न करता?"

"चालूच हाय. टॅग लावलाय."

"अगं, टॅग बंदसाठी असतो! चालू ठेवायला टॅग लावत नाहीत!"

"तुमच्या कंपनीत नसतील लावत," काकू म्हणाल्या. "टॅग माजा हाय. मीच काडीन."

काकांनीच घातलेला नियम होता, आणि त्यात पळवाट ठेवलेली नव्हती, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार. शेवटी म्हणाले, "मग जवळ बस. झोपू नको." आणि फोन ठेवला.

आजी जेवून गेल्या. बंदर चालूच राहिलं. काकूंनी हॉलमध्येच अंथरूण घातलं, मी आणि त्या आळीपाळीनं अॅडॉप्टरला हात लावून बघत होतो, आणि आळीतली माणसं पुन्हा पुन्हा येऊन बघून जात होती. काकांना घरी सोडलं तेव्हा गणपती अजून होते. रिक्षातून उतरले ते पार सुकलेले, शर्ट खांद्यावरून घरंगळणारा. त्यांनी बूट काढले नाहीत. सरळ बंदराशी गेले, गुडघ्यावर बसले आणि अॅडॉप्टरला हाताची मागची बाजू लावली. मग एकेका मोटरीला. मग ठोकळ्यांखालून जाणाऱ्या प्रत्येक वायरीला. कुठंतरी काहीतरी तापलेलं सापडावं अशी त्यांची फार इच्छा होती, हे आम्हा दोघींना दिसत होतं.

"कोमट," शेवटी ते म्हणाले.

काकू किल्ली घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ती पुढे केली. "काडू का टॅग?"

काकांनी किल्लीकडे बघितलं, हात पुढे केला नाही. आजी बसल्या होत्या ते स्टूल त्यांनी ओढलं आणि त्यावर बसले. आजवर त्यांनी ते बंदर फक्त तपासलं होतं. आता सगळ्या मोटरी एकदम चालू होत्या, त्यांचा आवाज हॉलभर होता, आणि ते तोंड न फिरवता समोर बघत होते, हेल्मेट घातलेली माणसं, डुलणाऱ्या होड्या आणि पलीकडचा दिवा.

"राहू दे चालू," ते म्हणाले.

काकूंनी किल्ली पदराच्या टोकाला बांधली आणि चहा टाकायला आत गेल्या.